एकतीस अँपिअरची मोजणी

एप्रिलातल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता नगरच्या सावेडीतली लाइट गेली आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी शामकांत रेखी यांच्या घरातला इन्व्हर्टर तीनदा ओरडून गप्प झाला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण शामकांतरावांनी ती लिहून ठेवली होती. गेल्या सव्वा महिन्यात इन्व्हर्टरने अशी मान टाकण्याची ही अकरावी खेप होती आणि अकराही खेपा एका दोनशे पानी वहीत नोंदलेल्या होत्या: लाइट गेल्याची वेळ, इन्व्हर्टर बंद पडल्याची वेळ, मधलं अंतर आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात बहुतेक ठिकाणी 'असमाधानकारक' एवढंच होतं. अकराव्या खेपेला त्यांनी 'अत्यंत' हा शब्द आधी जोडला.

पूर्वी हाच इन्व्हर्टर सहा तास आरामात चालायचा. बॅटरीची हमी संपायला अजून पाच महिने होते. दुसऱ्या कुणी हमीचं कार्ड घेऊन दुकान गाठलं असतं आणि विषय संपला असता. पण शामकांतरावांनी चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती आणि निवृत्त होऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. बांधाच्या दोन्ही बाजूंना भाऊबंद काठ्या घेऊन उभे आहेत आणि मधोमध आपण शांतपणे नकाशा उलगडतो आहोत, हे चित्र ज्याच्या अंगवळणी पडलं आहे त्याला दुपारी झोप लागत नाही. आठ महिन्यांत त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांची मापं घेतली होती, गच्चीचा उतार तपासला होता आणि स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूला पाऊण सेंटिमीटर खाली आहे हे पत्नी शोभाताईंना सिद्ध करून दाखवलं होतं. त्या ओट्यावर सव्वीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या शोभाताईंनी त्यावर फक्त "बरं" म्हटलं होतं. असा माणूस कार्ड घेऊन दुकानात जात नाही. तो अर्ज लिहितो.

'विषय: सदोष बॅटरी बदलून मिळणेबाबत' अशा मथळ्याचा दोन पानी अर्ज दिल्लीगेटजवळच्या दुकानात पोचला तेव्हा दुकानाचे मालक गोरक्षनाथ यांनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या दुकानात आजवर लोक आरडाओरडा करायला आले होते, पण अर्ज घेऊन पहिल्यांदाच कुणी आलं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला. माणसाने पाव भाजायच्या डब्यासारखं दिसणारं एक यंत्र आणलं, त्याचे दोन चिमटे बॅटरीला लावले, कळ दाबली, दहा सेकंदांत यंत्र तापून वास सुटला आणि काटा हिरव्या पट्ट्यात ठाम उभा राहिला.

"बॅटरी एक नंबर हाय, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या घरात लोड लई हाय."

हे वाक्य शामकांतरावांना फार लागलं. घरात दोन ट्यूब, दोन पंखे आणि एक टीव्ही. आपण मागच्या खोलीत पिठाची गिरणी लपवून ठेवली आहे असं जणू तो पोरगेला माणूस सुचवून गेला होता. शिवाय तत्त्वाचा प्रश्न होता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच माणूस, त्याचंच यंत्र आणि निकाल त्याच्याच बाजूने. अशी मोजणी त्यांनी नोकरीत कधी मान्य केली नव्हती. मोजायचं असेल तर तटस्थ माणसाने मोजायला हवं, आणि नगर शहरात आपल्याहून तटस्थ माणूस त्यांना आठवेना.

बॅटरीतून किती विद्युतप्रवाह बाहेर पडतो हे मोजायचं, त्यावरून घरातला लोड काढायचा आणि तो लोड फार नाही हे गोरक्षनाथांच्या तोंडावर फेकायचं, एवढाच बेत होता. दोन दिवसांचं काम.

भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात विल्सन भिंगारदिवे राहत. दोन्ही जोडघरं एकाच वेळी बांधून झालेली आणि दोघांचा वायरिंगवालाही एकच, राळेगणसिद्धीकडचा छगन. विल्सनराव बसगाड्यांच्या एका मोठ्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. तिथे ते भांडारात होते. त्यांच्या हातून हजारो बॅटऱ्या गेल्या होत्या, फक्त त्या कागदावरून गेल्या होत्या. तरी बॅटरी या विषयावर गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असे, कारण त्यांच्या स्वतःच्या इन्व्हर्टरची बॅटरी सात वर्षांची होती आणि तिने आजवर एकदाही दगा दिला नव्हता. उलट भाड्याने आणलेल्या नव्या वस्तूंवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. त्यांच्या आई, विजयमालाबाई, मार्चच्या मध्यात दवाखान्यातून सुटल्यावर मिरजगावहून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना दिवसातून काही तास भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागे. ते यंत्र लाइट गेली की इन्व्हर्टरवर छान चालायचं, पण दीड-पावणेदोन तास झाले की तापून बंद पडायचं, आणि मग कोपऱ्यातला सिलिंडर लावावा लागायचा. विल्सनराव यंत्रवाल्याशी रोज फोनवर भांडत होते. मोजायच्या भानगडीत पडू नका, असा त्यांनी शामकांतरावांना सल्ला दिला. बॅटरीला जीव लावावा लागतो, पंधरा दिवसांनी पाणी बघावं लागतं, तुमच्या हातात ते नाही, असंही ते सहज म्हणून गेले. या शेवटच्या वाक्यानंतर न मोजणं शक्यच नव्हतं.

शामकांतरावांनी बाजारातून एक पिवळा मल्टिमीटर आणला. दुकानदाराने त्याला दोन वायरी जोडून दिल्या, एक लाल आणि एक काळी, आणि प्रवाह मोजायचा तर मीटर मधे घालावा लागतो एवढं सांगितलं. गुरुवारी लाइट गेल्याबरोबर शामकांतराव बॅटरीपाशी उकिडवे बसले, जाड केबल सोडवली आणि केबल व बॅटरी यांच्या मधे मीटरच्या सुतळीएवढ्या वायरी धरल्या. आकडा उमटला की नाही हे त्यांना आजही सांगता येत नाही. चट् असा आवाज झाला, लाल वायरीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलं, मीटरच्या पोटातून धूर आला आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पोळली. शोभाताईंची सतरंजीही एका जागी कायमची आक्रसली. नंतर चष्मा लावून पाहिलं तेव्हा, ज्या भोकात लाल वायर खुपसली होती त्याच्या शेजारी बारीक इंग्रजीत लिहिलेलं दिसलं: जास्तीत जास्त दहा अँपिअर, फ्यूज नाही.

बोटांना पट्टी बांधायला शेजारच्या लिडियाताई आल्या. त्या विल्सनरावांच्या पत्नी, तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलेल्या. त्यांच्यामागोमाग विल्सनरावही आले, ज्यांची गरज नव्हती. त्यांनी जळालेला मीटर हातात घेतला, वास घेतला आणि भांडारात परत आलेल्या मालाकडे पाहतात तसं पाहून खाली ठेवला.

त्या दिवसापासून शामकांतरावांचं जेवणात लक्ष लागेना. ते ताटावरून उठून बॅटरीकडे बघून येत. फिरायला गेले की अर्ध्या वाटेवरून परत फिरत, न जाणो लाइट गेली असली तर. मुलाने, राजसने, पुण्याहून फोनवर सांगितलं की बाबा, वायर न सोडवता मोजता येतं, केबलभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर मिळतो, मी ऑनलाइन मागवतो. चार दिवसांनी मीटर दारात आला. पण तो ताब्यात घ्यायला लागणारा आकडा राजसच्या मोबाईलवर आला आणि राजस मीटिंगमध्ये होता. डिलिव्हरीवाला दहा मिनिटं थांबला आणि खोकं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आकडा आला तेव्हा डिलिव्हरीवाला चुकून मागच्या गल्लीत उभा होता. तिसऱ्या दिवशी शामकांतराव सकाळी साडेनऊपासून फाटकात खुर्ची टाकून बसले आणि राजसला दर अर्ध्या तासाने फोन करून तू मोकळा आहेस ना, असं विचारत राहिले.

चिमट्याचा मीटर देखणा होता. खेकड्याच्या नांगीसारखं त्याचं तोंड उघडून केबलभोवती बसवलं की झालं. लाइट गेली, पंखे इन्व्हर्टरवर फिरू लागले, शामकांतरावांनी नांगी लावली. आकडा आला शून्य. नांगी दुसऱ्या केबलला लावली. शून्य. टीव्ही लावला, त्याचा आवाज मोठा केला. शून्यच.

शांत डोक्याच्या माणसाला इथे शंका आली असती. पण शामकांतरावांच्या डोक्याला दीड महिना शांतता नव्हती. त्यांनी त्याच बैठकीत दुसरा अर्ज लिहिला: 'सदर बॅटरीतून कोणताही प्रवाह बाहेर पडत नसल्याचे अर्जदाराने स्वतः मोजून खात्री केली आहे.' तो अर्ज ते स्वतः दुकानात घेऊन गेले. गोरक्षनाथांनी या वेळी पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि अगदी आदराने विचारलं, "मंग साहेब, पंखा कशावर फिरत हुता?"

दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांतलं एक मोठ्याने हसलं. शामकांतरावांनी अर्ज परत मागितला नाही, कारण परत मागणं म्हणजे कबुली. ते तसेच बाहेर पडले आणि चितळे रोडपर्यंत चालत गेल्यावर त्यांना आठवलं की आपण स्कूटरवर आलो होतो.

चूक शोभाताईंनी शोधली. त्यांनी मीटरसोबत आलेलं घडीचं पुस्तक उलगडलं आणि दाखवलं की या मीटरवर अँपिअरच्या शेजारी फक्त नागमोडी रेघ आहे. म्हणजे हा घरातल्या लाइटचा प्रवाह मोजतो. बॅटरीचा प्रवाह सरळ असतो, त्यासाठी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी खूण असलेला चिमटा लागतो. शामकांतरावांनी आयुष्यभर खातेदारांना नकाशातल्या सरळ आणि तुटक रेघांमधला फरक समजावून सांगितला होता. ते उठून गच्चीवर जाऊन आले.

तिसरा मीटर आला तो दोन्ही रेघांचा. आता चुकायला जागा नव्हती. पण हा मीटर केबलला न लावताही काही ना काही आकडा दाखवायचा. पूर्वेला तोंड करून धरला तर एक, खिडकीकडे वळवला तर दीड, देवघराकडे नेला तर उणे एक. शामकांतराव मीटर पुढे धरून दिवाणखान्यात गोल फिरत होते, तेव्हा फाटकातून आत येणारे विल्सनराव पायरीवरच थांबले आणि परत गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की रेखीसाहेब घराची वास्तू तपासून घेताहेत. शोभाताईंनी पुन्हा पुस्तक उघडलं. मोजण्याआधी 'झीरो' नावाचं बटण दाबायचं असतं. त्यांनी दाबलं. आकडा निमूट शून्यावर बसला.

आता सगळी तयारी झाली आणि लाइट जाईना. आधी दिवसाआड जाणारी लाइट सोमवारी गेली नाही, मंगळवारी गेली नाही. बुधवारी लुकलुकली, शामकांतराव मीटर घेऊन धावले आणि गुडघ्याला खुर्ची लागली, पण लाइट होती. गुरुवारी ते वीज कंपनीच्या कार्यालयात गेले आणि आमच्या भागातली लाइट कधी जाणार, असं त्यांनी खिडकीवरच्या बाईंना विचारलं. बाईंनी सवयीने सांगितलं की काम चालू आहे, तासाभरात येईल. शामकांतरावांनी समजावलं की लाइट आहे, ती जायला हवी आहे. बाईंनी आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी ग्राहक क्रमांक विचारला, तक्रारीचा प्रकार विचारला, आणि लाइट न जाण्याची तक्रार कोणत्या रकान्यात बसते हे त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी सौजन्याने सांगितलं की सध्या तसं काही नियोजन नाही, पण वारं सुटलं तर बघू.

हे सगळं शामकांतरावांनी घरी येऊन संतापाने सांगितलं. शोभाताई शेंगा सोलत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मेन स्विच आपल्याच घरात आहे ना? तो खाली करा."

दुपारचे सव्वातीन वाजले होते. शामकांतरावांनी मेन स्विच खाली केला, इन्व्हर्टर चालू झाला, शोभाताईंनी झीरोचं बटण दाबून मीटर त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी नांगी केबलला लावली.

त्रेचाळीस.

शामकांतरावांनी आकडा मोठ्याने वाचला. एवढ्याशा घराला त्रेचाळीस अँपिअर म्हणजे फारच झाले. मग एकेक वस्तू बंद करायची मोहीम सुरू झाली. शोभाताई बटणं दाबत गेल्या आणि शामकांतराव आकडे ओरडत गेले. टीव्ही बंद, अडतीस. मोठा पंखा बंद, पस्तीस. दुसरा पंखा, तेहतीस. दोन्ही ट्यूब बंद, एकतीस. आता घरात काहीही चालू नव्हतं. पंख्यांची पाती हळूहळू थांबली. आणि मीटरवर एकतीस तसाच होता.

ही खूण शामकांतरावांना ओळखीची होती. सातबाऱ्यावर एक एकर, जागेवर पंधरा गुंठे गायब, आणि कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. हे अतिक्रमण होतं. दोन महिने कुणीतरी त्यांच्या बॅटरीवर नांगर चालवत होतं. मागच्या महिन्यात बिल फुगून आलं तेव्हा दोघांनी मिळून बिचाऱ्या कूलरला दोष दिला होता.

"इन्व्हर्टरची लाइन जिथून निघते ते बटण पाड," ते म्हणाले.

शोभाताईंनी बटण पाडलं. आकडा दोनवर आला. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे एक यंत्र टी टी टी करून ओरडू लागलं, मग पावलांची धावपळ झाली, लिडियाताईंनी कुणाला तरी सिलिंडर, सिलिंडर म्हणून सांगितलेलं स्पष्ट ऐकू आलं.

शामकांतरावांनी एवढ्या चपळाईने झडप घालून ते बटण वर केलं की त्यांची चप्पल तिथेच राहिली. पलीकडचं ओरडणं थांबलं. ते अनवाणीच शेजारच्या घरात शिरले.

मागच्या खोलीत विजयमालाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, नाकाला नळी, अंगावर स्वच्छ पांढरी साडी. पस्तीस वर्षं त्यांनी मिरजगावात गणित शिकवलं होतं. यंत्र पुन्हा गुरगुरत होतं आणि डोक्यावरचा पंखा फिरत होता. विल्सनराव लालबुंद होऊन फोनवर यंत्रवाल्याला सांगत होते की आता तर लाइट असतानाही बंद पडायला लागलं, आजच्या आज घेऊन जा. बोलता बोलता ते बाहेरच्या खोलीत गेले, लिडियाताई पाणी आणायला गेल्या.

शामकांतराव पलंगापाशी उभे राहिले. नोकरीत अतिक्रमण सापडलं की त्यांच्या अंगात एक थंड समाधान भरायचं. आत्ता त्याचा पत्ता नव्हता. मगाशी धावपळ ऐकू आली तेवढ्या दोन-चार सेकंदांत आपण काय करून बसलो असतो, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना.

"किती आले?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"काय, बाई?"

"आकडे ओरडत होतात ना भिंतीपलीकडे. एकतीसपर्यंत ऐकलं मी. मग हे बंद पडलं. पंखा चालू आणि हे बंद." त्यांनी दम घेतला. "माझे एकतीस का?"

"एकोणतीस," शामकांतराव म्हणाले. "दोन इन्व्हर्टरचे स्वतःचे."

बाईंनी मान डोलावली. उत्तर बरोबर आल्यावर शिक्षक डोलावतात तशी. मग त्यांनी पलंगामागच्या बटणांच्या पाटीकडे, स्विचबोर्डकडे, बोट केलं. ती त्या भिंतीवर होती, जिच्या पलीकडे शामकांतरावांच्या खोलीतली पाटी होती, पाठीला पाठ लावून. तिच्यासमोर वर्षानुवर्षं कपाट होतं. बाईंचा पलंग आणि यंत्र आल्यावर कपाट हललं आणि पाटी पहिल्यांदा वापरात आली.

विल्सनला आपण सांगायलाच हवं, असं शामकांतराव पुटपुटले, पण कसं सांगावं हा प्रश्न होता. विल्सनराव उसना घेतलेला वाटीभर रवा त्याच दिवशी परत करणारे. एवढं कळलं तर ते विचार न करता प्लग उपटून टाकतील.

"सांगा," बाई म्हणाल्या. "पण मोजून दाखवा. नुसतं सांगितलेलं त्याला शाळेतही कळत नव्हतं."

आधी छगनला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने आठवल्यासारखं केलं. "व्हय साहेब. त्या वक्ताला वायर संपली हुती. तुमच्या पाटीतनं पलीकडं घेतली. कपाटामागं हाय, कोन वापरतंय म्हन्लं." एवढं बोलून त्याने रविवारी येतो म्हणून सांगितलं.

मग मोजणी झाली. बाईंना सिलिंडर लावला आणि यंत्र नुसतं चालू ठेवलं. शामकांतरावांच्या घरात शोभाताईंनी बटण पाडलं, यंत्र थांबलं. वर केलं, सुरू झालं. विल्सनरावांनी तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः जाऊन बटण पाडलं, कारण शोभाताईंवर त्यांचा विश्वास नव्हता. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी प्लग उपटला, यंत्र स्वतःच्या घरातल्या दुसऱ्या पाटीला जोडलं आणि स्वतःचा मेन स्विच खाली केला. यंत्र त्यांच्या सात वर्षांच्या बॅटरीवर सुरू झालं. विल्सनराव हाताची घडी घालून उभे राहिले.

चार मिनिटं. चौथ्या मिनिटाला यंत्र थांबलं, पंखा थांबला, समोरच्या खोलीतला दिवा गेला. सात वर्षं त्या बॅटरीने एक पंखा आणि एक दिवा याखेरीज काही ओढलंच नव्हतं. तिची परीक्षाच कधी झाली नव्हती.

त्या शांततेत शामकांतरावांना आपण जिंकल्याचं काही वाटलं नाही. विल्सनराव भिंतीकडे पाहत होते. दोन महिने ते आईला सांगत आले होते की काळजी करू नकोस, आपली बॅटरी आहे. आणि आई दोन महिने शेजाऱ्याच्या बॅटरीवर श्वास घेत होती. त्यांनी मान वर न करता सांगितलं की दोन महिन्यांचं बिल ते देणार. शामकांतराव म्हणाले, बघू. विल्सनराव म्हणाले, बघू नाही. मग ते म्हणाले की यंत्र आता पुन्हा तुमच्या लाइनवर लावणार नाही, आणि शामकांतराव पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले.

"लावायचं म्हणजे लावायचं. नवी बॅटरी येईपर्यंत ते माझ्याच बटणावर राहील. माझ्या घरात दिवे नाही लागले तरी चालेल."

विजयमालाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. "दोघं मिळून जा," त्या म्हणाल्या. "आणि भांडण वाटेत संपवून या."

यंत्राचा प्लग पुन्हा पलंगामागच्या पाटीत गेला. दोघे शामकांतरावांच्या स्कूटरवर निघाले. नगरमध्ये चांगल्या बॅटरीची दुकानं बरीच, पण विल्सनरावांना हवी होती शामकांतरावांच्याच जातीची बॅटरी, आणि ती होती गोरक्षनाथांकडे.

बॅटरी पसंत झाली, टेम्पो ठरला, उद्या सकाळी लावून द्यायचं ठरलं. मग शामकांतरावांनी खिशातून कागद काढला. दोन अर्ज दुकानात पडून होते आणि ते मागे घेतल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती. काउंटरवर उभं राहून त्यांनी लिहायला सुरुवात केली: 'विषय: यापूर्वीचे दोन्ही अर्ज मागे घेणेबाबत. अर्जदाराच्या मोजणीतील चुकीमुळे...'

विल्सनरावांनी खांद्यावरून वाचलं आणि हात धरला. चूक तुमची कशी, असं त्यांनी विचारलं. वायर माझ्या खोलीत, यंत्र माझ्या आईचं, म्हणजे चूक माझी. तसं लिहा. शामकांतरावांनी सांगितलं की दोनदा चुकीचा मीटर आणणारा, शून्य प्रवाहाचा अर्ज देणारा मी, म्हणजे चूक माझी. विल्सनराव म्हणाले की मग निदान 'शेजाऱ्याच्या घरातील जोडणीमुळे' एवढे शब्द तरी घाला. शामकांतराव म्हणाले, नाही. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो कागद पाहिले होते, आणि ज्या कागदात एकदा शेजाऱ्याचं नाव आलं तो कागद नातवंडांपर्यंत कोर्टात फिरला होता. विल्सनराव म्हणाले, मी कोर्टात जाणार नाही. शामकांतराव म्हणाले, तुम्ही नाही जाणार, पण कागद जातो.

मागे दोन गिऱ्हाईकं येऊन थांबली. गोरक्षनाथ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. दोन माणसं आपापल्या अंगावर दोष ओढून घेण्यासाठी इतक्या जोराने भांडताना त्यांनी काउंटरवर कधी पाहिली नव्हती. शेवटी ते म्हणाले की चूक त्या वायरवाल्याची लिहा आणि मोकळे व्हा. त्यावर दोघेही एकदम म्हणाले की छगनचं नाव कशाला, गरीब माणूस आहे.

पंधरा मिनिटांनी कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं: 'उभय बाजू समक्ष हजर होत्या. मोजणी उभयतांना मान्य आहे. कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही.' खाली शामकांतरावांनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून विल्सनरावांनी, पूर्ण नावासह.

गोरक्षनाथांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात बॅटरीचं तर काहीच न्हाई."

"बॅटरी चांगली आहे," शामकांतराव म्हणाले. "तिच्याबद्दल काय लिहायचं?"